लेक दोन वर्षांची झाली, अजून बोलत नाही?

तुझी काळजी अगदी कळते गं. माझा धाकटा 2 वर्षांचा झाला तेव्हा जेमतेम 8 शब्द बोलायचा. घरात सगळे म्हणत, 'मुलगे उशिराच बोलतात, त्याचे बाबाही असेच होते.' त्या धीरावर मी 6 महिने घालवले. तू घालवू नकोस.

आधी कान तपासून घे. दार आपटलं की दचकते म्हणजे ऐकू येतं, असं आपण धरून चालतो. पण थोडं कमी ऐकणाऱ्या मुलांना मोठे आवाज कळतात आणि 'स'सारखे हलके ध्वनी निसटतात. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी बेरा तपासणी मूल झोपलेलं असताना करतात, दुखत नाही. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत चौकशी कर.

शब्द मोजत बसण्यापेक्षा ती बोट दाखवते का, 'चप्पल आण' म्हटलं की आणते का, ते बघ. समज आधी येते. येत असलेले शब्द गेले, तर मात्र लगेच डॉक्टरांकडे जा.

घरी 'म्हण, म्हण' करून तिला भंडावू नकोस. ती 'भू भू' म्हणाली की 'हो, काळा भू भू आला' एवढंच जोडून दे आणि गप्प राहा. मनात 5 अंक मोज, तिला वेळ मिळू दे. जेवताना मोबाइल नकोच. आणि शाळेसाठी म्हणून मराठी सोडू नकोस, दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही. आजीशी तिला भरपूर बोलू दे.