सल्काटा कासवाच्या पिल्लाला थंडीत नुसता ६० वॅटचा पिवळा बल्ब पुरतो का?

नाही पुरत. त्या बल्बातून गरमी येते पण यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, नाही येत, आणि यूव्हीबीशिवाय पिल्लाला डी३ जीवनसत्त्व तयार करता येत नाही, मग कॅल्शियम कितीही खाऊ घाला, कवच मऊच पडतं. यूव्हीबीची ट्यूब वेगळी घ्या, लांबवाली, आणि टाकीवर काच ठेवून तिच्यावर लावू नका बाप्पा, काचेतून यूव्हीबी आत जातच नाही. खिडकीतलं ऊनही त्याच कारणाने बिनकामाचं. ट्यूब चालू दिसते म्हणून वर्षानुवर्षं ठेवतात लोक, पण यूव्ही आधीच संपलेला असतो, वर्षभरात बदला.

बल्ब एकाच कोपऱ्यात, खाली ३५ डिग्रीच्या आसपास, दुसरं टोक २७-२८, म्हणजे पिल्लू स्वतःच इकडंतिकडं सरकतं. थर्मामीटर कवचाच्या उंचीवर ठेवा, भिंतीला वर चिकटवून काही कळत नाही. दिवे बारा तास, रात्री बंद.

नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, तेव्हा रात्रीसाठी सिरॅमिक हीटर लावा, उजेड नाही पडत त्याचा, पण थर्मोस्टॅटशिवाय अजिबात नको. मे महिन्यात उलटं, ४५ डिग्रीत कशाला पाहिजे बल्ब, फक्त यूव्ही ठेवा. गरमीने हवा कोरडी होते म्हणून रोज कोमट उथळ पाण्यात थोडा वेळ बसवा.

आणि कवचावर पिवळ्या चांदण्या असतील तर तो सल्काटा नाही, स्टार कासव आहे, ते घरी ठेवणं गुन्हा आहे, सरळ वनविभागाच्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरला, म्हणजे वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला, विचारा.