दुबईहून मुंबईला पहिल्यांदाच येताय? एवढं आधी करा (कोविडकाळातले मार्च 2021 चे नियम; आता ते लागू नाहीत)

घाबरू नका, पण तिकिटाआधी कोविडच्या आरटी-पीसीआर चाचणीची (नाकातल्या नमुन्यावरून लॅबमध्ये होणारी) वेळ ठरवा. नवखे सगळ्यात जास्त इथेच चुकायचे: मार्च 2021 मध्ये चाचणी प्रवासाआधीच्या 72 तासांतली लागायची, आणि हे 72 तास रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे, नाकातला स्वॅब (नमुना) दिला त्या क्षणापासून मोजायचे. लॅबच्या कागदावर स्वॅब घेतल्याची तारीख आणि वेळ छापलेली आहे ना, हे तिथेच उभं राहून बघा. नावाचं स्पेलिंगही पासपोर्टशी ताडून घ्या. तिथेच दुरुस्त करून घेणं सोपं असतं, चेक-इनच्या रांगेत नाही.

मग ‘एअर सुविधा’ या तेव्हाच्या सरकारी पोर्टलवर फॉर्म भरून आरटी-पीसीआर रिपोर्ट अपलोड करा. झटपट होणारी अँटिजेन चाचणी तेव्हा चालत नव्हती. दोन्हींची छापील प्रत जवळ ठेवाच, मोबाईल ऐनवेळी बंद पडतो.

रिपोर्ट निगेटिव्ह आला की थेट घरी, असंही समजू नका. आखाती देशांतून येणाऱ्यांना मार्च 2021 मध्ये मुंबईत 7 दिवस स्वखर्चाने हॉटेलात विलगीकरणात राहावं लागत होतं, पुढचे 7 दिवस घरी. पालिकेच्या यादीतलंच हॉटेल घ्या आणि खर्च आधीच बाजूला ठेवा. आई-बाबांना विमानतळावर मुळीच बोलावू नका.

नियमांतून सूट, कनेक्टिंग फ्लाइट वगैरे सध्या डोक्यात घेऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी नियम मात्र पुन्हा वाचा.