‘मी सॉव्हरिन आहे, मला कायदा लागू नाही’: यात काही तथ्य आहे का?

(प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या ऑफिसातला एक सहकारी म्हणतो, ठराविक कागद नोटरी करून पाठवले की माणूस ‘सॉव्हरिन’, म्हणजे सार्वभौम, होतो. मग लायसन्स लागत नाही, इन्कम टॅक्सही लागत नाही. पुरावा म्हणून तो यूट्यूबवरच्या ‘जिंकलेल्या’ केसेस दाखवतो.)

नाही, तथ्य नाही. कोर्टांनी हे युक्तिवाद इतक्या वेळा ऐकलेत, की आता ती त्यावर फार शाई खर्च करत नाहीत. २०११ साली अमेरिकेतल्या सातव्या सर्किटच्या (म्हणजे विभागाच्या) केंद्रीय अपील कोर्टाने बेनाबे खटल्यात सांगूनच टाकलं, की माणूस स्वतःला ‘सॉव्हरिन सिटिझन’ म्हणवो की आणखी काही, तो कोर्टाच्या अधिकारक्षेत्राबाहेर जात नाही आणि असले मुद्दे कुठल्याही वेषात आले तरी तिथल्या तिथे फेटाळावेत.

मी ठाण्याला दिवाणी वकिली करतो, अमेरिकेत नाही. पण या ‘सॉव्हरिन’ मंडळींच्या खटल्यांचे निकाल वाचायचा मला नाद आहे. लोक म्हणतात, हे कायदा मानत नाहीत. मला तर वाटतं, यांच्याइतकी कायद्यावर श्रद्धा आम्हा वकिलांचीही नसेल! भगताच्या मंत्रावर असते तसली श्रद्धा. शब्द अचूक, शाई लाल, अंगठा योग्य जागी, की सरकारला वाट सोडावीच लागणार. आणि पंचाईत अशी की यातले निम्मे शब्द खरे असतात.

तुमचा सहकारी बहुधा सहीजवळ ‘विदाउट प्रिज्युडिस, यूसीसी १-३०८’ असं लिहीत असेल. यूसीसी म्हणजे अमेरिकेतली व्यापारी कायद्याची संहिता, आणि हे कलम खरंच आहे. वीजबिल चुकीचं वाटलं तरी कनेक्शन तुटू नये म्हणून आपण ‘अंडर प्रोटेस्ट’ लिहून पैसे भरतो आणि मग भांडतो, तेच तत्त्व. व्यापारी व्यवहारात वादग्रस्त माल घेतला किंवा पैसे दिले म्हणून आपला हक्क सोडला असं होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्या नोटिशींतही ‘विदाउट प्रिज्युडिस’ रोज असतं. ट्रॅफिक पोलिसाशी तुमचा कुठला व्यापारी करार झालेला नसतो, त्यामुळे चलनावर ते लिहून उपयोग शून्य.

अधिकारक्षेत्राचंही तसंच. ‘मी संमती दिलेली नाही, तेव्हा कोर्टाला अधिकार नाही’ हे यांचं आवडतं वाक्य. कोर्टाला मुळात अधिकार नसेल तर पक्षकारांच्या संमतीने तो येत नाही, हे लॉ कॉलेजात सुरुवातीलाच शिकवतात. मग आरोपीच्या नकाराने तो जाईल कसा? विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशा इथे नोव्हेंबर २०२१मध्ये ख्रिसमसच्या मिरवणुकीत गाडी घालून सहा जणांचा जीव घेणाऱ्या आरोपीने स्वतःच स्वतःचा खटला चालवला. हे नाव माझं नाही, आधी अधिकारक्षेत्र सिद्ध करा, असा धोशा त्याने लावला होता. न्यायाधीशबाईंनी त्याला वारंवार दुसऱ्या खोलीत बसवून खटला पुढे नेला. २०२२मध्ये तो ७६च्या ७६ आरोपांत दोषी ठरला आणि त्याला सहा जन्मठेपा झाल्या.

‘मी ड्रायव्हिंग करत नाही, ट्रॅव्हलिंग करतोय’ हेही ऐकलं असेल. अमेरिकेत राज्याराज्यांत फिरण्याचा हक्क खरा आहे. पण गाडीची नोंदणी आणि लायसन्स मागायचा राज्यांचा अधिकार तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९१५ सालीच, हेंड्रिक विरुद्ध मेरीलँड खटल्यात, मान्य केला आहे.

निव्वळ कल्पित भाग पुढे येतो. जून १९३३मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून करारांतली ‘सोन्यातच पैसे द्या’ ही अट मोडीत काढली. यांच्या मते त्याच वेळी देश दिवाळखोर झाला आणि सरकारने नागरिकांनाच तारण ठेवलं. जन्मदाखल्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव तुमचं नव्हेच, ते तुमच्या नावाने उभं केलेलं बुजगावणं, आणि त्याच्या खात्यावर ट्रेझरीत गुप्त लाखो डॉलर पडून आहेत. म्हणून ही माणसं नावात मधेच विसर्गासारखे दोन टिंब टाकतात, म्हणजे बुजगावणं वेगळं आणि आपण वेगळे.

याचं मूळ फार सुंदर नाही. १९७०च्या दशकात पॉसी कॉमिटेटस नावाची चळवळ होती, उघड वंशवादी आणि ज्यूद्वेष्टी. काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, वर कुठलीच सत्ता नाही, असं ती मानायची. गोरे हे मूळचे सार्वभौम आणि गुलामगिरीतून सुटलेले कृष्णवर्णीय मात्र १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने बनवलेले ‘सरकारी’ नागरिक, हा सिद्धांत याच वळणाचा. पुढे हीच भाषा स्वतःला मूरिश, म्हणजे मूळचे मोरोक्कोकडचे, म्हणवणाऱ्या कृष्णवर्णीय गटांनी उचलली. १७८६च्या अमेरिका-मोरोक्को तहाचा आधार घेऊन तेही सांगू लागले की अमेरिकेचा कायदा आम्हाला बांधत नाही. यावर काय बोलावं!

या कल्पना पसरल्या त्या मात्र शेतकऱ्यांच्या संकटात. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात कर्जापायी शेतं लिलावात निघाली आणि ‘कर्ज मुळात बेकायदाच आहे’ असं शिकवणारे दारात आले. त्या शेतकऱ्यांना हसायला माझं मन होत नाही. शिकवणाऱ्यांबद्दल कॅनडातल्या अल्बर्टाचे न्यायमूर्ती रूक यांनी मीड्स विरुद्ध मीड्स या घटस्फोटाच्या खटल्यात २०१२ साली जे लिहिलं, ते मुळातून वाचण्यासारखं आहे. निकाल ७३६ परिच्छेदांचा. एरवी असल्या मुद्द्यांवर कोर्टं दोन ओळी लिहितात, यांनी सगळा बाजार उलगडून दाखवला. त्यांनी अशा अनुयायांना विचारलंय: तुमच्या गुरूंना एवढी खात्री आहे, तर ते स्वतः कोर्टात का येत नाहीत? आणि अमाप संपत्तीची किल्ली हातात असताना त्यांच्याकडे पैसा का दिसत नाही?

यूट्यूबवरच्या विजयांचं म्हणाल, तर शंभर पानांचं बाड वाचायला वेळ नसल्याने सरकारी वकिलाने किरकोळ चलन सोडून दिलं, तरी तो व्हिडिओत ‘विजय’ होतो. जे जेलमध्ये जातात ते चॅनेल चालवत नाहीत. शिवाय चिडलेली माणसं न्यायाधीशांच्या, क्लार्कच्या घरांवर खोटे बोजे चढवतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर बोजा चढला की जो मनस्ताप होतो तोच तिथे होतो. म्हणून २००८पासून केंद्रीय न्यायाधीश-अधिकाऱ्यांवर खोटा बोजा टाकणं हा दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

टॅक्सबाबत एक बारकावा सांगतो, कारण तुमचा सहकारी तो सांगेलच. १९९१च्या चीक खटल्यात एका वैमानिकाने कर भरला नव्हता. सुप्रीम कोर्ट म्हणालं, कायद्याचा अर्थ खरोखर प्रामाणिकपणे चुकीचा समजला असेल, तर ‘जाणूनबुजून’ गुन्हा केला असं ठरत नाही. पण कर घटनाबाह्यच आहे, हे मत बचाव होऊ शकत नाही. ही मंडळी निकालातला सोयीचा भागच ऐकवतात. फेरसुनावणीत ज्युरीने त्याला पुन्हा दोषी धरलं, हे गाळतात. वेस्ली स्नाइप्ससारख्या नटालाही रिटर्न न भरल्याबद्दल २००८मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. आणि फौजदारीपर्यंत जायचीही गरज नाही: असले दावे लिहून रिटर्न भरलं, तर आयआरएस (अमेरिकेचं आयकर खातं) एकेका रिटर्नला ५,००० डॉलर दंड लावू शकते.

जाता जाता: हसताना आपला फॅमिली ग्रुपही आठवा. ‘भारत ९९ वर्षांच्या लीजवर आहे’ हा फॉरवर्ड त्याच जातीचा. १९४७च्या इंडियन इंडिपेंडन्स अ‍ॅक्टमध्ये लीज नाही, ९९ वर्षं नाहीत, आणि आपल्या घटनेच्या कलम ३९५ने तर तो कायदाच रद्द करून टाकलाय.

आता तुमच्यापुरतं. सहकाऱ्याशी वाद घालू नका, त्याला प्रत्येक कलमाचं उत्तर पाठ असतं. कर्जात किंवा कोर्टकचेरीत अडकला असेल, तर एखाद्या खऱ्या वकिलाचा किंवा मोफत कायदा साहाय्य केंद्राचा पत्ता द्या. मात्र त्याच्या कागदांवर साक्षीदार म्हणून सही करू नका, तुमचा पत्ता वापरू देऊ नका, आणि तुम्ही व्हिसावर असाल तर त्याच्या सल्ल्याने स्वतःच्या टॅक्स रिटर्नमध्ये एक आकडाही बदलू नका.