मायक्रोइमल्शनचे थेंब त्वचेच्या छिद्रांतून औषध आत नेतात का? वडिलांसाठी इन्सुलिनचं मलम त्यातून होईल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: थेंब नाही जात, औषध जातं. एम.फार्म.चं माझं प्रोजेक्ट याच विषयावर होतं आणि सुरुवातीला माझीही समजूत तुमच्यासारखीच होती.

मायक्रोइमल्शन म्हणजे तेल आणि पाणी यांचं, सर्फॅक्टंटने (दोघांना एकत्र धरणाऱ्या साबणासारख्या पदार्थाने) जुळवलेलं नितळ मिश्रण. त्यातले थेंब साधारण १० ते १०० नॅनोमीटरचे असतात. आडवा येतो तो त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रेटम कॉर्नियम. जाडी जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर, पण मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या सांध्यांत गवंड्याच्या मालासारखी चरबी भरलेली. त्या सांध्यांतून अख्खा थेंब सहसा मावत नाही. औषधाचा रेणू थेंबातून सुटून एकटाच पुढे सरकतो.

मग थेंबांचा उपयोग काय? माझं औषध होतं केटोप्रोफेन, एक वेदनाशामक. ते पाण्यात फारसं विरघळत नाही. तेल आणि सर्फॅक्टंट जोडीला आले की त्याच पातळ द्रावणात ते कितीतरी जास्त मावतं, म्हणजे त्वचेला भिडणारा साठा वाढतो. शिवाय तेल म्हणून ओलेइक ॲसिड घेतलं तर ते सांध्यांमधली चरबी सैल करतं. पण औषधाला तेलात फार करमलं तर ते घरजावई होऊन तिथेच बसतं, त्वचेत उतरतच नाही. माझ्या सगळ्यात जास्त औषध विरघळवणाऱ्या मिश्रणातूनच त्वचेत सगळ्यात कमी औषध गेलं होतं!

बनवायला मात्र मजा येते. तेल, ट्वीन ८० हा सर्फॅक्टंट आणि त्याच्या जोडीला प्रॉपिलीन ग्लायकॉल ढवळत ठेवायचं आणि पाणी थेंबथेंब सोडायचं. प्रमाण चुकलं की ताकासारखं पांढरं, जुळलं की काचेसारखं नितळ. घुसळावं लागत नाही, आपोआप जमतं आणि तसंच टिकतं. याउलट नॅनोइमल्शन, म्हणजे तशाच बारीक थेंबांचं दुसरं मिश्रण, जोर लावून बनवावं लागतं आणि कालांतराने फुटतं. नावांमुळे नॅनोचे थेंब लहान असतील असं वाटतं, पण दोन्हींत खरा फरक हा आहे, थेंबांच्या मापाचा नाही.

तपासणी फ्रान्झ सेलमध्ये, म्हणजे त्वचेतून किती औषध जातं ते मोजायच्या काचेच्या उपकरणात. खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या कानाची त्वचा काचेच्या दोन भागांमध्ये दाबून बसवायची, खाली ७.४ पीएचचं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण), आणि ठरावीक वेळाने सिरिंजने नमुना काढायचा. त्वचेखाली हवेचा एक बुडबुडा अडकला की दिवस वाया. माझे असे तीन गेले.

आणि खरी किंमत मोजावी लागते ती सर्फॅक्टंटची. क्रीमपेक्षा तो इथे कितीतरी जास्त लागतो, आणि रोज लावलं तर कातडी लाल होऊन चुरचुरू शकते.

आता वडिलांसाठी इन्सुलिनचं मलम. त्वचेतून सहज जाणारे रेणू साधारण ५०० डाल्टनच्या (हे रेणूच्या वजनाचं माप) आतले असतात. केटोप्रोफेन २५४ चं, इन्सुलिन सुमारे ५,८०० चं. तेव्हा तशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका, त्यांची इंजेक्शनं चालू ठेवा.