काकांनी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं

"मॅडम, डॉक्टर म्हणतात चालत राहा. पण अंगात त्राणच नाही, तर चालू कसा? उरलीसुरली ताकद चालण्यात गेली तर पुढची केमो झेपेल का?"

उपचार सुरू असलेले बहुतेकजण हे कधी ना कधी विचारतातच. साठीला टेकलेल्या एका काकांनी विचारलं, तेव्हा आतड्याच्या कॅन्सरसाठी त्यांच्या तीन केमो झाल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

आजारापूर्वी ते पहाटे तासभर झपझप चालायचे. रोज १०,००० पावलं हा नेम. आता मनगटावरचं तेच घड्याळ संध्याकाळी जेमतेम ५०० दाखवायचं. बोलता बोलता ते सारखं मनगट वळवून बघत होते आणि प्रत्येक वेळी चेहरा आणखी उतरत होता. आळस नव्हता हो तो. हा माणूस रोज स्वतःच्याच जुन्या आकड्यापुढे हरत होता.

आधी थकव्याबद्दल बोललो. हा थकवा कष्टाच्या थकव्यासारखा झोप काढून उतरत नाही. उलट पडून राहिलं की स्नायू गळतात, मग चार पायऱ्यांनीही धाप लागते आणि माणूस पुन्हा आडवा होतो. बेताच्या हालचालीनं ताकद संपत नाही, थकवा हलका व्हायला मदतच होते. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ साली, आजार बरा करण्यासाठी उपचार चालू असतानाही व्यायाम सुचवावा, असं डॉक्टरांना सांगितलं ते याच कारणानं. काकू शेजारी बसून ऐकत होत्या. मायेपोटी त्या काकांना पाण्याचा पेलाही उचलू देत नव्हत्या.

डॉक्टरांना विचारून घेतलं. हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स ठीक होते. तळव्यांना मुंग्या येत होत्या, म्हणून पायात नीट बसणारे बूट आणि चालायचं घरातच, भिंतीच्या कडेनं. घड्याळ ड्रॉवरमध्ये. रोज पाच मिनिटं, गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं. केमोनंतरचे पहिले तीन-चार दिवस जमेल तेवढं खुर्चीतून उठ-बस, बास. आणि 'वाटलं तर चालेन' हे नाही. दात घासून झाले की निघायचं. हुरूप पुष्कळदा चालायला लागल्यावर येतो, आधी येत नाही.

दोन केमोंनंतर काका वही घेऊन आले. मनगटावर पट्ट्याची फिकट खूण तेवढी उरली होती. वहीत '५ मि.', '५ मि.', 'आज नाही, मळमळ', '१२ मि., ही सोबत' अशा नोंदी. एका पानावर मात्र मी थांबले: 'ताप १००.८. चाललो नाही. लगेच डॉक्टरांना फोन.' केमोत असा ताप अंगावर काढायचा नसतो. मी पुन्हा पुन्हा बजावलं होतं, ते त्यांनी पाळलं होतं.

"पूर्वी तापातही पावलं पुरी करून आलो असतो," काका म्हणाले. मग जरा थांबून, "घड्याळ मुलीला देऊन टाकलं. चालेल ना?"