विल्यम एस. हार्टच्या ‘टम्बलवीड्स’ या मूकपटाचा शेवट गुंडाळलेला वाटतो का?

तुमचं म्हणणं असं, की काउबॉय डॉन कार्व्हरवर खोटा आळ येतो, त्याला डांबतात, तो निसटून जमीन मिळवण्याच्या घोडदौडीत उतरतो, इथवर सगळं रंगतं. आणि मग घाईघाईत खलनायक पकडले जातात, त्याच्या प्रेयसीचा, मॉलीचा, गैरसमज फिटतो, संपलं.

खलनायकांपुरतं अगदी बरोबर. नॉल आणि फ्रील पहिल्यापासून इतके उघड बदमाश आहेत, की त्यांना धरल्याचं काही वाटतच नाही. पण आळ कसला होता ते बघा. १६ सप्टेंबर १८९३ रोजी भर दुपारी बाराला अमेरिकेतल्या ओक्लाहोमातली चेरोकी पट्टी वसाहतीसाठी खुली झाली; जो आधी पोचेल त्याची जमीन. साठ लाखांहून जास्त एकर जमीन आणि हद्दीवर लाखाच्या वर माणसं. बाराच्या आधी आत शिरला तो ‘सूनर’, त्याचा जमिनीवरचा हक्क गेला. डॉन आत जातो तो चुकार गुरं हाकून आणायला. ज्या कुरणात त्याची हयात गेली, तिथलं रोजचं कामच गुन्हा ठरतं! तो निर्दोष ठरला तरी ते कुरण काही परत येणार नाही.

म्हणून माझ्या मते या गोष्टीचा शेवट बराच आधी होऊन जातो. गुरांचे कळप पट्टीतून कायमचे बाहेर निघतात, डॉन आणि त्याचे सोबती उंचावरून बघत राहतात, आणि टोप्या उतरवतात. डॉन झालेल्या हार्टचा चेहरा तिथे जवळजवळ हलत नाही. मला तो प्रसंग आजही बेचैन करतो.

त्यानंतरची दौड म्हणजे निव्वळ सिनेमा. बारा वाजायची वाट बघणारे चेहरे, मग एकदम सुटलेल्या गाड्या, आणि सगळ्यांना मागे टाकत एकटा धावणारा घोडा. घोड्यावर साठीतला माणूस आहे हे विसरू नका. मॉली आणि डॉन एकत्र येतात ते मला खोटं वाटत नाही. त्याला आता एका जागी राहायचंय, एवढंच त्यातून कळतं.

१९३९ साली चित्रपट पुन्हा आला तेव्हा हार्टने सुरुवातीला स्वतःचं बोलतं निवेदन जोडलं. हा त्याचा शेवटचा चित्रपट, आणि निवेदनात तो प्रेक्षकांचा निरोप घेतो. तुमच्या प्रतीत ते असेल तर आधी मूळ १९२५चा चित्रपट बघा, निवेदन मागाहून. आधी ऐकलंत तर डॉनऐवजी म्हातारा हार्टच दिसत राहील.