‘माय ब्रदर इज ॲन ओन्ली चाइल्ड’ या इटालियन चित्रपटातला धाकटा भाऊ आधी फॅसिस्ट आणि मग कम्युनिस्ट कसा काय होतो?

तुम्ही लिहिलंय की आच्चोचं (त्या धाकट्या भावाचं) पक्षांतर लेखकाने सोयीसाठी घडवल्यासारखं वाटतं. काल मुसोलिनीचा जयजयकार करणारा पोरगा आज लाल झेंड्याखाली कसा, हा तुमचा प्रश्न. मला ते पटलं नाही. त्याच्या बेनासी कुटुंबाचं मोडकं घर आणि ते ज्या शहरात आहे ते शहर, या दोन गोष्टी नीट पाहिल्या की आच्चो कळतो. (पुढे शेवटही सांगितला आहे. ज्यांना चित्रपट पाहायचा असेल त्यांनी इथेच थांबावं.)

शहर आहे लातिना, रोमच्या दक्षिणेला. तिथे शतकानुशतकं दलदल होती आणि मलेरियाने माणसं मरत. ती जमीन कोरडी करायचे प्रयत्न पोपांच्या काळापासून झाले, पण पुरते कधी जमले नाहीत. मुसोलिनीच्या राजवटीने कालवे खणले, पंप बसवले आणि 1932 साली तिथे नवं शहर उभं केलं. नाव ठेवलं लित्तोरिया. राजवट कोसळल्यावर त्याचं लातिना झालं. व्हेनेतो, फ्रियुली, फेरारा अशा उत्तरेकडच्या भागांतून गरीब शेतकरी कुटुंबं आणून आसपास वसवली. दर कुटुंबाला जमिनीचा तुकडा, त्यावर एक घर आणि घराला क्रमांक. तिथली एक मोठी सरकारी इमारत वरून पाहिली तर मुसोलिनीच्या ‘एम’ अक्षरासारखी दिसते, आणि ती आजही वापरात आहे.

तुरिन-मिलानच्या कामगार वस्तीत फॅसिझमची आठवण म्हणजे मारहाण, तुरुंग आणि जर्मनांचा कब्जा. लातिनात त्याच राजवटीने कुणाच्या आजोबाला जमीन आणि छप्पर दिलेलं. ती राजवट निर्दयच होती, तिने देश युद्धात लोटला, यात मला काडीचाही संशय नाही. पण ज्याच्या घरात त्या काळाची एवढीच आठवण सांगितली जाते, त्या पोराला ‘फॅसिस्ट’ या शब्दाची दहशत वाटत नाही. मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या अनुयायांनी डिसेंबर 1946 मध्ये ‘इटालियन सोशल मूव्हमेंट’ हा पक्ष काढला. आच्चो सामील होतो तो याच पक्षात.

आता आच्चोकडे या. लहानपणी तो सेमिनरीत असतो, त्याला पाद्री व्हायचंय. देवाचे नियम तो इतके मनावर घेतो की शिकवणारे पाद्रीसुद्धा वैतागतात. मग थोरला मनरीको भेटायला येतो, एका नटीचा फोटो हातात ठेवतो आणि पोराचं सगळं गणित बिघडतं. तो घरी परत येतो तर घरात त्याला जागाच नाही. भिंतींना तडे गेलेले, सरकारी घर मिळेल म्हणून वर्षानुवर्षं वाट पाहणं चाललेलं. मनरीको देखणा, सगळ्यांचा लाडका, कारखान्यात काम करणारा, कम्युनिस्ट. आच्चोच्या वाट्याला आईचे धपाटे.

अशा वेळी त्याला मारिओ भेटतो. बाजारात टेबलक्लॉथ-चादरी विकणारा हा फॅसिस्ट माणूस लुका झिंगारेत्तीने केलाय (इन्स्पेक्टर मोंताल्बानो म्हणून जगाला माहीत असलेला नट). मारिओ पोराला शेजारी बसवून त्याच्याशी मोठ्या माणसासारखा बोलतो. बस, एवढंच. आच्चोला त्या घडीला कुणाचा सिद्धांत नको असतो, आपली दखल घेणारा माणूस हवा असतो. घरात थोरला लाल, म्हणून हा काळा, म्हणजे फॅसिस्टांच्या रंगाचा. भावाच्या विरुद्ध बाजूला उभं राहिलं तरच आपण वेगळे दिसू, हे घरात धाकटं असलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

तो फुटतो कुठे, तेही पाहा. 1968 चे दिवस आहेत. विद्यार्थ्यांनी संगीत विद्यालय ताब्यात घेऊन मैफल ठेवली आहे. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीचं समूहगान चाललंय, पण कवी शिलरच्या मूळ ओळी काढून त्या जागी क्रांतीचे शब्द घातलेत. ऐकताना हसू येतं, आणि गाणाऱ्या पोरांचा त्यावर किती मनापासून विश्वास आहे हेही दिसतं. तिथे मनरीको आहे, बहीण व्हायोलेत्ता आहे. आणि आच्चोच्या पक्षाची माणसं काठ्या घेऊन घुसतात. त्या गोंधळात आच्चोला निवड करावी लागते आणि तो भावा-बहिणीकडे वळतो. मार्क्स त्याने नंतर वाचला असेल-नसेल. पक्षाने घरच्यांवर हात टाकला, तिथे त्याच्यापुरता पक्ष संपला. तुम्हाला जे अचानक वाटलं, त्याची तयारी या प्रसंगापर्यंत पूर्ण झालेली असते.

हे सगळं कल्पनेतलंही नाही. चित्रपट (2007, दिग्दर्शक दानिएले लुकेत्ती) अंतोनिओ पेनाक्की यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. पेनाक्की लातिनाचेच, 1950 चा जन्म. तरुणपणी आच्चोच्याच फॅसिस्ट पक्षात होते, तिथून हकालपट्टी झाली, मग माओवाद्यांत गेले. पुढे अनेक वर्षं कारखान्यात कामगार म्हणून राबले आणि या दलदलीत वसवलेल्या माणसांवरच्या दुसऱ्या कादंबरीला 2010 मध्ये इटलीचा मानाचा स्त्रेगा पुरस्कार मिळाला.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. 1 मार्च 1968 ला रोममध्ये व्हाल्ले जुलिया इथल्या वास्तुकला विद्यालयापाशी विद्यार्थी पोलिसांना भिडले, तेव्हा त्या गर्दीत डावे होते तसे उजवेही होते. त्या वर्षी ही सीमारेषा आपल्याला आज वाटते तेवढी पक्की नव्हती. ती रक्ताने पक्की झाली डिसेंबर 1969 मध्ये मिलानच्या पियात्सा फोन्ताना चौकातल्या बँकेत बॉम्बस्फोट झाला त्यानंतर. 17 माणसं गेली.

मनरीकोची वाट म्हणूनच मला जास्त अस्वस्थ करते. तो कम्युनिस्ट पक्षापुरता थांबत नाही. तो पक्ष तेव्हा पश्चिम युरोपातला सगळ्यात मोठा कम्युनिस्ट पक्ष, 1976 च्या निवडणुकीत 34 टक्क्यांच्या वर मतं घेणारा, आणि सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट्सशी जुळवून घ्यायला निघालेला. बंदूक उचललेल्या तरुणांना ती सरळसरळ गद्दारी वाटत होती. मनरीको त्यांच्यात जातो आणि शेवटी पोलिसांच्या गोळीला बळी पडतो. सगळ्यांचा लाडका पोरगा घरापासून तुटत जातो आणि घरात नकोसा असलेला घर धरून ठेवतो. पटकथेची ही अदलाबदल मला फार आवडते.

एक तक्रार मात्र आहे. मनरीकोचं सशस्त्र गटात जाणं फार घाईत उरकलंय. तो आणि त्याची मैत्रीण फ्रांचेस्का काय बोलत असतील, रात्री झोप लागत असेल का, हे दिसायला हवं होतं. फ्रांचेस्का तर बऱ्याच वेळा दोन भावांच्या मधली खूण होऊन राहते. एलिओ जेर्मानोचा आच्चो आणि आंजेला फिनोक्यारोची आई पाहताना ही उणीव विसरायला होते, हे खरं. जेर्मानोला त्या वर्षी दाविद दी दोनातेल्लो हा इटलीतला चित्रपट पुरस्कार मिळाला.

आता शेवट. सरकारी इमारती बांधून तयार आहेत, पण घरं कुणाला मिळत नाहीत. आच्चो रात्री कार्यालयात शिरून किल्ल्या काढतो आणि वाट पाहून थकलेल्या कुटुंबांना आत नेतो. हे काम फॅसिस्टाचं की कम्युनिस्टाचं? आईच्या डोक्यावर छप्पर हवं, ही गोष्ट त्याने दोन्ही झेंड्यांखाली कधी सोडली नव्हती. म्हणून मी म्हणतो, तो बदलत नाही. दोन पक्ष त्याला एकामागून एक अपुरे पडतात.

दुसऱ्या चित्रपटाचं विचारलंत, तर ‘द बेस्ट ऑफ यूथ’ पाहा (2003, दिग्दर्शक मार्को तुल्लिओ जोर्दाना). पटकथा साँद्रो पेत्राल्या आणि स्तेफानो रुल्ली यांची. लुकेत्तीच्या चित्रपटाची पटकथाही त्याच दोघांनी त्याच्यासोबत लिहिली. लांबी सुमारे सहा तास, कारण तो मुळात टीव्हीसाठी केला होता. इथेही दोन भाऊ आहेत: निकोला मनोविकारतज्ज्ञ होतो, मात्तेओ सैन्यात आणि मग पोलिसात जातो, आणि निकोलाच्या मुलीची आई रेड ब्रिगेड्स या सशस्त्र डाव्या गटात. 1966 च्या फ्लॉरेन्सच्या पुरात दोघे भाऊ चिखलात समोरासमोर येतात, तो भाग लक्ष देऊन पाहा. दोन-तीन रात्रींत वाटून पाहिलात तर बरं. मनरीकोच्या बाबतीत जी घाई झाली, ती इथे अजिबात नाही. हत्यार उचलणाऱ्या बाईला घर सोडून जाताना पुरेसा वेळ दिलाय.